जोडीचा फोटो, तीन प्रती

फोटोवरून माणूस ओळखता येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सरकारी कचेरीत पेन्शनच्या टेबलावर बसून बघावं. मी बसले. थोडीथोडकी नाही, चौदा वर्षं. आमचं ऑफिस अंबरनाथला, खातं पाण्याचं. पंप, पाइपलाइन, टाक्या आणि त्यांची राखण करणारी माणसं. लोकांच्या घरी पाणी पोचवायचं काम साहेबांचं, आणि पाणी पोचवून दमलेल्या माणसांना नीट घरी पोचवायचं काम माझं.

हे टेबल कुणालाच नको असायचं. टेंडरच्या टेबलावर चहा येतो, बदल्यांच्या टेबलावर मिठाई येते, पेन्शनच्या टेबलावर रडणारी माणसं येतात. मला ते मिळालं माझ्या तोंडामुळे. आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, त्यांच्याशी माझं एकदा जोरदार वाजलं आणि दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची कोपऱ्यात, जुन्या फायलींच्या कपाटाला टेकून. पुढे भाऊसाहेबांनीच दोनदा विचारलं, टेबल बदलून देऊ का म्हणून. दोन्ही वेळा मी नको म्हटलं. तोवर मला त्याची चटक लागली होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पेन्शन म्हणजे म्हाताऱ्याला दरमहा मिळणारे पैसे. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं तो म्हातारा गेल्यावर सुरू होतं. त्याच्या मागे त्याचं लग्नाचं माणूस असेल तर त्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही, हक्क आहे तो. लिहितावाचता येतं की नाही, नवऱ्याशी पटत होतं की नाही, सासू काय म्हणते, याच्याशी सरकारला काही कर्तव्य नाही. लग्न खरं पाहिजे आणि माणूस तोच पाहिजे, एवढंच. एकाच्या मागे दोघी हजर झाल्या तर काय, हा वेगळा विषय आहे. तो लिहायला बसले तर संपादक मला अंकातून बाहेर काढतील.

आणि लग्नाचं माणूस म्हणजे फक्त बायको नव्हे. हे मला सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावं लागलं, आणि त्यातही लच्छूभाईंना. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर लच्छूभाईंचा फोटो स्टुडिओ होता. त्यांची बायको मोहिनी आमच्याकडे टायपिस्ट. नोकरीत असतानाच ती गेली. दिवस झाल्यावर लच्छूभाई तिच्या ड्रॉवरची किल्ली परत करायला आले, तेव्हा मी त्यांच्यापुढे फॉर्म सरकवला. ते खुर्चीवरून उठलेच.

"मॅडम, ये तो विधवा का फॉर्म है! बीवी की कमाई उसके जाने के बाद मैं खाऊँ? बिरादरीत तोंड काय दाखवू?"

मी वाद घातला नाही. मोहिनीची फाइल काढली आणि कुटुंबाच्या तपशिलाचा कागद त्यांच्यापुढे धरला. तो तिनं स्वतःच टाइप केला होता. पतीच्या रकान्यात लच्छूभाईंचं नाव, पुढे त्यांची जन्मतारीख, कुठे खाडाखोड नाही. "लच्छूभाई," मी म्हटलं, "तिनं बोटं झिजवून मिळवलेलं आहे हे. कुणाला द्यायचं ते तीच लिहून गेलीय. तुम्ही कोण नाही म्हणणारे?" लच्छूभाई त्या कागदाकडे बघत बसले, मग चष्मा काढून ढसाढसा रडले आणि सही करून गेले. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसच्या पेन्शनवाल्यांना त्यांच्या स्टुडिओत जोडीचा फोटो अर्ध्या दरात.

हा जोडीचा फोटो काय ते सांगते, कारण माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात मोठी जीत त्याच फोटोत आहे. माणूस निवृत्त होताना नवराबायकोचा एकत्र फोटो घेतात, तीन प्रती. दोघांना समक्ष बघून ऑफिस त्यावर सहीशिक्का मारतं. एक प्रत पेन्शनच्या आदेशावर लागते, एक कोषागारात जाते, एक आमच्या फायलीत राहते. उद्या नवरा गेला की कोषागारात तो फोटो काढून समोरच्या बाईचा चेहरा पडताळतात. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठेही घेतात. दोघांना समक्ष बघून, असं मी आत्ता लिहिलं. ते लक्षात ठेवा.

पदू मेंगाळ आमच्या टाकीवरचा वॉचमन. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात ठाकूरवाडी आहे, तिथला. दिवसाला दोन वाक्यं बोलायचा, त्यातलं एक "व्हय" असायचं. नोकरी बिनबोभाट केली, पण निवृत्तीचे कागद आणायला सांगितले की गायब. फोटो नाही, अंगठे नाहीत. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट, दिवाळीच्या आधीची. शेवटी मी त्याच्यावर खेकसले.

"पदू, दिवाळी झाली की सोमवारी सगळं माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर तुझं पेन्शन शिमग्याला! अरे, फॉर्मॅलिटी असते नुसती. एक फोटो नि दोन अंगठे. त्याला किती दिवस लावतोस?"

"व्हय," पदू म्हणाला.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी माझं स्टँप पॅड हरवलं. निळ्या शाईचं, पत्र्याच्या डबीतलं. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही, पण माझ्या टेबलावरची टाचणीसुद्धा मला विचारल्याशिवाय हलत नसे. सोमवारी आले तर पॅड जागेवर हजर, मात्र सुकलेलं, आणि शाईत भाताचं तूस चिकटलेलं. आमचा शिपाई रघू टेबलावर बसून काहीबाही खायचा, हे मला माहीत होतं. मी त्याची अशी काही हजेरी घेतली की तो आठवडाभर माझ्यापुढे चहा आदळून जायचा.

त्याच सोमवारी पदूनं कागद आणले. अंगठे उमटवलेले, फोटोच्या तीन प्रती. पदू खुर्चीत ताठ बसलेला, कपाळावर ठसठशीत कुंकवाचा टिळा. शेजारी पोपटी रंगाच्या कोऱ्या साडीतली बाई, कपाळावर गोंदण. मला हायसं वाटलं. ओळखीच्या खुणेच्या रकान्यात मी लिहिलं, 'कपाळावर गोंदण', आणि साहेबांच्या सहीसाठी फाइल पाठवली. बाईला समक्ष बघितलं नाही. बारवीच्या डोंगरातून तिला कुठे बोलवायचं, असा चांगुलपणाचा विचार केला. आळसाला चांगुलपणाचे कपडे चढवले की तो ओळखू येत नाही.

पदू पुढे पाच-सहा वर्षं पेन्शन घेत राहिला. मधे सव्वीस जुलैचा पूर येऊन गेला. लच्छूभाईंच्या स्टुडिओत छातीभर पाणी होतं. त्यानंतर दोनेक वर्षांनी पदू वारला. ते मला कळलं कोषागाराच्या पत्रावरून. पत्रात सरळ लिहिलं होतं की, आदेशावरील छायाचित्रातील स्त्री आणि समक्ष उपस्थित अर्जदार या भिन्न व्यक्ती दिसतात, तरी खुलासा करावा, तोपर्यंत कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करता येणार नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं, आणखी कडक.

मी फाइल काढली. फोटो बघितला. पोपटी साडी, गोंदण, खाली सहीशिक्का. म्हणजे फोटो खरा आणि कोषागारात गेलेली बाई तोतया, असा मी झटक्यात निवाडा करून टाकला.

दोनच दिवसांनी दारात एक बाई उभी राहिली. वाळकी, पायात चप्पल नाही, लुगडं चार ठिकाणी दंड घातलेलं. "मी पदूची बायको," ती म्हणाली. "बुधी."

"बाहेर थांब," मी म्हटलं. "पदूची बायको कोण ते आमच्याकडे फोटोत आहे."

ती दाराबाहेर सरकून भिंतीला टेकून बसली. हे वाक्य मी त्या बाईला बोलले, हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते. पण पुढचं ऐका. तिच्यामागून दुसरी बाई आत आली, आणि मी खुर्चीतून उठलेच. फोटोतला चेहरा! थोडा सुकलेला, पण तोच.

"या, या बुधीबाई, बसा," मी म्हटलं. चहा सांगितला. खऱ्या बायकोला दाराबाहेर बसवून मी दुसऱ्याच बाईला चहा पाजत होते.

त्या बाईनं एकदा दाराबाहेर बघितलं, घोट गिळला आणि म्हणाली, "व्हय बाय. मीच बुधी. फोटूत मीच हाय. कुठं अंगठा करू?"

मी ताज्या शाईचं पॅड उघडलं, कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेतला आणि फायलीतल्या अंगठ्याशेजारी धरला. अंगठ्यांचं मला काही शास्त्र येत नाही. पण फायलीतल्या ठशात एक पांढरी रेघ होती, अंगठ्याच्या मधोमध आडवी, जुन्या जखमेच्या वणाची असते तशी. समोरच्या ठशात रेघबिघ काही नव्हतं. आंधळ्यालाही कळावं इतका फरक.

फोटो हिचा आणि अंगठा हिचा नाही. माझं डोकं चक्रावलं, आणि माझं डोकं चक्रावलं की पहिला आवाज चढतो. "कोण आहेस तू? खोटा अंगठा दिलास तर थेट पोलिसांत देईन! सरकारी कागद आहे हा!"

बाईनं पदर तोंडात कोंबला आणि हुंदके देत सगळं सांगून टाकलं. ती हिरा, पदूची सख्खी बहीण, वांगणीकडच्या वाडीत दिलेली. कोषागाराबाहेर कुणी एजंट भेटला होता. तो म्हणाला, फोटोत जी आहे तिलाच बायको म्हणून उभी करा, दोन मिनिटांत काम होईल. "वयनीच्या पोटाला मिळंल म्हून आले बाय. थोबाड तर माजंच हाय ना फोटूत. मंग माज्या थोबाडावर तिला मिळू दे की! मला एक रुपया नको."

"मग अंगठा कुणाचा आहे?" मी ओरडले.

"माजा," दारातून आवाज आला.

बुधी उठून आत आली होती. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर टेबलावरच्या पत्र्याच्या डबीवर होती. "हीच डबी," ती म्हणाली. "ही घिऊन आलता त्यो दिवाळीला. मी खळ्यावं भात झोडीत व्हते. म्हनला, हात पूस आन् अंगठा दे, बायनं मागितलाय. मी अंगठा दिला नि त्याला म्हनलं, डबी झाक, तूस उडतंय."

मी मट्कन खाली बसले. तूस! सहा वर्षांपूर्वीचं ते पॅड, त्यात चिकटलेलं भाताचं तूस, आणि आठवडाभर आदळला जाणारा तो चहा. पदूनं माझं पॅड पिशवीत घालून डोंगरावर नेलं होतं. बायकोनं कापणी-झोडणी सोडून खाली यावं असा फॉर्मॅलिटीपायी हट्ट कशाला, असा सरळ हिशोब त्यानं केला आणि ऑफिसच खळ्यावर नेलं. मग गुपचूप परत आणून ठेवलं, कारण मी कशी आहे ते त्याला माहीत होतं.

"अंगठा बघू," मी म्हटलं. बुधीनं हात पुढे केला. अंगठ्याच्या मधोमध आडवा वण. लहानपणी विळा लागलेला. तिचा अंगठा शाईत टेकवून कागदावर उमटवला. मधोमध पांढरी रेघ. फायलीतलीच.

"आणि फोटो?"

उत्तर हिरानं दिलं, खाली मान घालून. "भाऊबीज व्हती. भावानं कोरी साडी नेसवली. मला उल्हासनगरचा बाजार बघायचा व्हता. तिथं त्यो म्हनला, हिरे, ऑफिसात फोटू द्यायचाय, बाई पायजे शेजारी. बुधी तर खळं सोडून यायची नाय. चल, तूच बस. बाय म्हनलीय, नुसतं असतंय त्ये, फारमॅलटी."

फॉर्मॅलिटी. शब्द माझाच होता. बाकी सगळ्या गोष्टी पदूनं अंगठ्यासारख्या खऱ्या केल्या. जी गोष्ट मी नुसती असते म्हणून सांगितली, ती त्यानं नुसतीच केली.

आता फोटो परत बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. पदूच्या कपाळावरचा टिळा! त्यात तांदळाचा एक दाणासुद्धा चिकटलेला दिसत होता. ताज्या ओवाळणीचा टिळा होता तो. आमच्या घरात छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेपासून सण बदलले, भाऊबीज माझ्या कळत्या वयाआधीच सुटली, तेव्हा मला तो टिळा बघून वाटलं होतं की पदू देवभोळा असावा. आणि ओळखीची खूण काय लिहिली मी, तर कपाळावर गोंदण! त्या वाडीत गोंदण नसलेली त्या वयाची बाई कुणी शोधून दाखवावी.

संध्याकाळी घरी जाताना लच्छूभाईंकडे शिरले. निगेटिव्ह मिळेल का विचारलं. त्यांनी हात हलवले. "मॅडम, सब पानी में गया. माझ्या लग्नाचा अल्बम पण गेला." मी फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि लगेच मान डोलावली. "ये मुझे याद है. भाऊबीजचा दिवस, दुकान बंदच करत होतो. मी म्हटलं, जरा पास बैठो. दोघं लाजून असे लांब सरकले की मधे तिसरा माणूस बसेल. मैं समझ गया, ये मियाँ-बीवी नहीं. पर मॅडम, फोटोवाल्यानं फोटो काढायचा, पंचायत नाही करायची." ते लिहून द्याल का, असं मी विचारलं. "आप बोलो और मैं ना लिखूँ?" म्हणाले. मोहिनीच्या फॉर्मची आठवण दोघांनाही झाली असणार, पण कुणी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं. आमचं भांडण तोवर जुनं होऊन मुरलं होतं, लोणच्यासारखं. "साळवे मॅडम, कशाला आग ओढवून घेताय? लिहून टाका, वयोमानाने अर्जदाराच्या चेहऱ्यात बदल झाला आहे. अंगठा जुळतोच आहे. वर फोटो जुना. विषय संपला. तुम्ही लिहिलंत की चूक तुमची, तर चौकशी तुमच्या मागे लागेल. दोन वर्षं राहिलीत तुमची. तुमचंच पेन्शन अडकलं तर?"

बोलणं खोटं नव्हतं. नोकरीच्या शेवटी चौकशी लागली की पेन्शन लोंबकळतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? पण विचार केला की, चेहऱ्यात बदल झाला असं लिहिलं तर ती बाई जन्मभर हिराच्या फोटोखाली पेन्शन घेणार. दर वर्षी हयातीच्या दाखल्याला जाऊन कुणाच्यातरी नजरेत तोतया ठरणार. आधी मी तिला दाराबाहेर बसवलं होतंच. आता कायमचं बसवायचं नव्हतं.

मी खुलासा लिहिला. टिपणीत पहिलंच वाक्य: 'सदर छायाचित्र साक्षांकनासाठी सादर करताना मी उभयतांना समक्ष पाहिलेले नाही.' पुढे अंगठ्याची, पॅडची हकिगत. सर्व्हिस बुकात कितीतरी वर्षांपूर्वी नोंदलेलं पत्नीचं नाव, बुधी. ग्रामपंचायतीचा दाखला, रेशनकार्ड. हिराचं प्रतिज्ञापत्र, की फोटोतील स्त्री मी असून मयत माझा भाऊ होता. लच्छूभाईंचा जबाब. नवीन साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि सही केली.

कोषागारात मी स्वतः गेले, दोघींना घेऊन. तिथले अधिकारी वयानं माझ्याहून बरेच लहान, पण माणूस बारीक नजरेचा. त्यांनी भिंग काढलं. त्यांच्याकडच्या प्रतीवरचा अंगठा फिसकटलेला होता, म्हणून आमच्या फायलीतला ठसा आणि त्यांच्यासमोर घेतलेला ताजा ठसा शेजारी ठेवले. बराच वेळ बघत राहिले. बुधी हात जोडून उभी. हिरा तिच्या मागे.

"तुम्ही फोटोला का आला नाहीत?" त्यांनी बुधीला विचारलं.

"सायब, भात खळ्यावं व्हतं," बुधी म्हणाली. "पाखरं खातील का फोटूला थांबतील?"

साहेबांच्या मिशीत हसू आलं. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, हे पहिलं वाक्य लिहिताना हात थरथरला नाही?"

"थरथरला," मी म्हटलं. "म्हणून टाइप करून आणलं."

ते मोठ्यानं हसले आणि मग जे बोलले ते मी पुढे प्रत्येक नव्या क्लार्कला ऐकवलं. "हक्क लग्नानं येतो, फोटोनं नाही. फोटो नुसता ओळखीला. ओळख चुकली तर ओळख दुरुस्त करायची, हक्क कशाला तोडायचा?" जुना फोटो रद्द, नवीन फोटो लावा, ओळखीची खूण दुरुस्त करा, असा शेरा त्यांनी मारला. पदू गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचं सगळं निवृत्तिवेतन मंजूर. मी बाहेर आले आणि कोषागाराच्या पायरीवर, भर माणसांत, फुगडी घालावीशी वाटली. हिरानं तर वहिनीचे दोन्ही हात धरून खरंच एक गिरकी घेतली. बुधी म्हणाली, "सोड गं, लोकं बगतात," पण हात सोडवून घेतले नाहीत.

ओळखीच्या खुणेच्या रकान्यात मी आता लिहिलं: 'उजव्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा वण.' माझ्या नोकरीत मी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य.

मला ताकीद मिळाली. लेखी, माझ्या सर्व्हिस बुकात, लाल शाईत. चौकशी लागली नाही, पेन्शनही अडकलं नाही. लोक पदकं दाखवतात, तशी मी ती ताकीद निरोप समारंभाच्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवली. भाऊसाहेबांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली. आणि रघूची माफी मी त्याच आठवड्यात मागितली होती. तो म्हणाला, "मॅडम, सहा वर्षांनी?" मी म्हटलं, "सरकारी काम आहे बाबा." त्या दिवशीचा चहा त्यानं अलगद ठेवला.

नवा फोटो अर्थातच लच्छूभाईंकडे. या वेळी मी समक्ष हजर होते, अगदी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी. हिरानं आपली पोपटी साडी वहिनीला नेसायला आणली होती. बुधीनं ती नेसली, स्टुलावर बसली आणि कॅमेऱ्याकडे अशी बघत राहिली की जणू तोच तिला काही विचारणार आहे. लच्छूभाईंनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "जोडी का आधा रेट है. अकेले का कुछ नहीं."

दोघींना घेऊन ऑफिसला परत आल्यावर माझ्या लक्षात आलं की रद्द झालेल्या जोडीच्या फोटोची एक प्रत आमच्या फायलीत अजून आहे, तिसरी. तिचा आता कुणाला उपयोग नव्हता. साहेबांना विचारून मी ती सोडवली. वाटलं, हिराला द्यावी. भाऊ गेलेला, भाऊबीजेचा फोटो, तिचाच तो. मी तो तिच्या हातात ठेवला. हिरानं तो पदरानं पुसला, आणि सरळ बुधीला दिला.

बुधी बघत राहिली. पदू ताठ बसलेला, कपाळावर टिळा, त्यात तांदळाचा दाणा. मला राहवलं नाही. "बुधीबाई," मी म्हटलं, "तुमच्या दोघांचा एकत्र एकही फोटो नाही, याचं मला फार वाईट वाटतं. माझ्यामुळे राहिला."

बुधीनं मान वर केली. दाराबाहेर बसवलं होतं त्या दिवसानंतर पहिल्यांदा ती माझ्याकडे नीट बघून हसली.

"आसं का म्हनता बाय? त्यो हाय की फोटूत. आन् मी हिकडून बगतेय ना त्याला."